बंबाचा धूर आणि गीता १८.४८

आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला. अग्नीला जसा धूर, तसा प्रत्येक कामाला काहीतरी दोष असतोच. म्हणून आपलं सहज कर्म सोडू नये, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

वाचताना शहाद्याच्या घरचा तांब्याचा बंब आठवला. मधल्या नळीत कपाशीच्या पऱ्हाट्या जळायच्या, भोवती पाणी तापायचं आणि धूर आईच्या छातीत. तिचा खोकला हटेना, तेव्हा मी १५ लिटरचा गीझर बसवला. "लाईट गेली तर काय करशील रे?" आई म्हणाली. तिसऱ्याच पहाटे गेली!

शिवाय बोअरचं पाणी जड, कॉइलवर क्षार बसतात. एकदा टाकी तापायला पाऊण युनिट लागतं, आणि महाराष्ट्रातली बरीच वीज कोळशाचीच. म्हणजे धूर फक्त दुसऱ्या गावाला गेला.

मग बंबच ठेवायचा होता का? मला नाही वाटत. श्लोक कर्म सोडू नका म्हणतो, साधन बदलू नका असं नाही. घरच्यांना अंघोळीला गरम पाणी देणं हे कर्म. ते इतकी वर्षं आईच्याच वाट्याला का होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आता पहाटे बटण मी दाबतो. लाईट गेली की अंगणातला बंबही मीच पेटवतो.