किनाऱ्यालगतची शिडाची सफर

जयपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असले, तरी दर्यावर्दी होऊ इच्छिणाऱ्याला पहिला पाठ तेथेही मिळू शकतो. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेल्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्राची तिरपी कड क्षितिजाशी सुमारे २७ अंशांचा कोन करते. जयपूरचा अक्षांश तेवढाच आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितकेच अंश आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस असतो. मुंबईस तो सुमारे १९ अंशांवर दिसतो, मालवणास १६ अंशांवर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. त्यावरून या दोन बंदरांमधील दक्षिणोत्तर अंतर सुमारे १७० सागरी मैल भरते.

ताशी चार मैलांच्या गतीने हे अंतर काटण्यास बेचाळीस तासांहून अधिक वेळ हवा. दोनतीन माणसांच्या लहान होडीने तो सलग काटणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून प्रवासाचे टप्पे पाडावे लागतात: खांदेरी, मुरूड-जंजिरा, हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग आणि अखेरीस मालवणचा सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६७९ साली खांदेरीची तटबंदी सुरू केली, ती मुंबईच्या तोंडाशी येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवण्यासाठी. आज हेच दुर्ग व दीपगृहे नाविकाला खुणेसारखे उपयोगी पडतात. नकाशावरील दोन ओळखीच्या खुणांची दिशा होकायंत्राने पाहून रेषा काढाव्यात. त्या जेथे छेदतात, तेथे आपली होडी असते.

हिवाळ्यात व उन्हाळ्यात येथील वाऱ्याला दिनक्रम असतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो. दुपारी जमीन तापली की खारा वारा वायव्येकडून येतो. दक्षिणेस जाणाऱ्याला दुपारचा वारा पाठीशी लाभतो. परतीच्या वाटेवर मात्र तोच तोंडावर येतो. म्हणून परतताना पहाटेपूर्वीच नांगर उचलावा.

परंतु वारा अनुकूल असला म्हणजे बंदर गाठले असे होत नाही. कोकणातील अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळू साठलेली असते. ओहोटीचे बाहेर धावणारे पाणी आत येणाऱ्या लाटांशी भिडले, की उथळ जागी लाटा उभ्या राहून फुटतात. अशा वेळी लहान होडी आडवी होऊन उलटू शकते. यास्तव चढत्या भरतीबरोबरच आत शिरावे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे कालचा हिशेब आज चालत नाही. वेळ चुकल्यास अंधारात मुखाशी धाडस करण्यापेक्षा खोल पाण्यात रात्र काढणे अधिक सुरक्षित.

पावसाळ्यात तर ही सफर करूच नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही मोठी बोट खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. बेत आखतानाच एकदोन दिवस मोकळे ठेवावेत, म्हणजे हवा बिघडल्यास बंदरातच थांबण्याचा निर्णय घेताना मन कचरत नाही.