समुद्रापासून दूर, समुद्राचे पाणी
घरच्या मोठ्या खाऱ्या टाकीसाठी कोणता फिल्टर?



मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. सुट्टीत मुंबईला गेलेल्या कित्येक मराठी मुलांनी समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. त्या मत्स्यालयाच्या समोरच समुद्र. जबलपूरला नर्मदामाई आहे, समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. इथे कुणी घरी खाऱ्या पाण्याची मोठी टाकी ठेवली, तर प्रत्येक लिटर पाणी मीठ मिसळून आपल्यालाच तयार करावे लागते. म्हणून मासे कोणते आणायचे हे ठरवण्याआधी फिल्टर कोणता बसवायचा हे ठरवायला हवे.

आधी हिशोब

६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच टाकी घेऊ. घनफळ २४ घनफूट. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणून काठोकाठ सुमारे ६८० लिटर. वरची मोकळी जागा आणि आतले दगड वजा केले आणि खालच्या जोड-टाकीतले पाणी मिळवले, तर ढोबळमानाने ६५० लिटर धरू. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे पहिल्या भरणीलाच जवळजवळ २३ किलो मीठ लागते. हे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या मिश्रणात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षारही असतात. पुढे दर वेळी २० टक्के, म्हणजे १३० लिटर पाणी बदलायचे तर साडेचार किलो मीठ. फिल्टर कमी पडला की पाणी जास्त बदलावे लागते, म्हणजे मीठ जास्त, खर्च जास्त.

स्वच्छ दिसणारे पाणी

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाणे कुजले की त्यातूनही अमोनिया होतो. अमोनियाला रंग नाही. पाणी काचेसारखे नितळ दिसते आणि मासा वर येऊन धापा टाकत असतो.

पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात : अमोनियम आयन आणि मुक्त अमोनिया. यांतले मुक्त अमोनिया जास्त घातक. पीएच ७ वरून ८ झाला की मुक्त अमोनियाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. गोड्या पाण्याच्या टाकीचा पीएच बहुधा ७ च्या आसपास असतो, समुद्राचा ८.१ ते ८.४. म्हणून गोड्या पाण्यात जेवढी हयगय खपते, तेवढी खाऱ्या पाण्यात खपत नाही.

यावर उपाय जीवाणूंचा. एका गटाचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारी आहे. नायट्रेट मासे बऱ्याच प्रमाणात सहन करतात. या जीवाणूंना दोनच गोष्टी लागतात : चिकटून राहायला पृष्ठभाग आणि भरपूर प्राणवायू. खरा फिल्टर म्हणजे हे जीवाणूच. यंत्र त्यांचे घर आहे.

पर्याय कोणते?

१. कॅनिस्टर. बंद डबा, आत स्पंज आणि चिनी मातीच्या सच्छिद्र नळ्या. जागा कमी लागते आणि बसवायला सोपा. पण अडकलेला गाळ डोळ्यांना दिसत नाही आणि तो आतच कुजत राहतो. वीज गेली की डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, जीवाणू मरू लागतात, आणि वीज आल्यावर ती सगळी घाण टाकीत येते. मोठ्या खाऱ्या टाकीला हा मदतनीस म्हणून ठीक, एकटा नको.

२. ठिबक फिल्टर. पाणी प्लास्टिकच्या गोळ्यांवरून हवेत झिरपत खाली येते. सांडपाणी शुद्धीकरणातही हेच तत्त्व वापरतात. प्राणवायू भरपूर मिळाल्याने अमोनिया झपाट्याने संपतो. पण काम नायट्रेटपाशी थांबते आणि नायट्रेट साठत जातो.

३. दगड आणि स्किमर. परदेशी पुस्तकांत ही ‘बर्लिन पद्धत’ म्हणून येते. सच्छिद्र दगडाच्या बाहेरच्या थरात अमोनियाचे नायट्रेट होते. आतल्या, प्राणवायू कमी असलेल्या भागात दुसरे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. मात्र त्या पुस्तकांतला ‘जिवंत दगड’ बहुधा प्रवाळाचा असतो. आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी दुकानात देऊ केले तरी घ्यायचे नाहीत. कृत्रिम सच्छिद्र दगड आणि चिनी मातीचे ठोकळे तेच काम करतात. जीवाणू वसायला थोडा वेळ जास्त लागतो, इतकेच.

स्किमरचे तत्त्व कोकणच्या किनाऱ्यावर दिसते. पावसाळ्यात लाटांबरोबर पिवळट फेस येऊन साचतो. सेंद्रिय द्रव्याचे कण बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. स्किमर नळीत बारीक बुडबुडे सोडून असाच फेस वरच्या भांड्यात जमा करतो. गोड्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांत मिळून मोठे होतात, म्हणून तिथे हे यंत्र नीट चालत नाही. याचा मोठा गुण असा की घाण कुजून अमोनिया होण्याआधीच ती पाण्याबाहेर जाते.

४. साहाय्यक. कार्बन पिवळटपणा आणि औषधांचे अंश काढतो. यूव्ही दिवा त्याच्यासमोरून जाणारे जंतू मारतो. अमोनियावर या दोघांचाही इलाज नाही. गोड्या पाण्यासाठी विकले जाणारे झिओलाइटही इथे निरुपयोगी, कारण समुद्राच्या पाण्यातले सोडियम त्याच्या जागा आधीच अडवते.

जबलपूरच्या घरासाठी

फक्त मासे ठेवायचे असतील, तर मुख्य टाकीखाली जोड-टाकी, म्हणजे संप; पाणी उतरते तिथे गाळण्याची पिशवी; मग टाकीच्या मापापेक्षा एक पायरी मोठा स्किमर; मग सच्छिद्र ठोकळे; शेवटी पाणी वर नेणारा पंप, ही रचना सर्वांत भरवशाची. पंपाने तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरवावे. चारपट धरले तर २६०० लिटर.

वीज जाणार हे गृहीत धरा. पंप थांबला की वरचे पाणी ओघळीच्या काठापर्यंत खाली उतरते. आपल्या टाकीचा पृष्ठभाग १२ चौरस फूट आहे. पातळी एक इंच उतरली तर बरोबर १ घनफूट, म्हणजे २८ लिटर पाणी संपमध्ये येते. तेवढी जागा रिकामी नसेल तर ते घरभर होते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावाच.

दुसरा शत्रू उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. टाकीला २५-२६ अंश हवेत. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे व जीवाणू दोघांचीही ओढाताण होते. पंख्याच्या वाऱ्याने पाणी थंड होते, पण उडते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे पाणी आरओचे असावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जीवाणूंना मारते. पावसाळ्यात दमट हवेत पंख्याचा उपयोग कमी होतो. चिलरचा खर्च आधीच हिशोबात धरावा.

शिस्त

टाकी सुरू केल्यावर चार ते सहा आठवडे मासे घालायचे नाहीत. थोडा अमोनिया देऊन जीवाणू वाढवायचे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे चाचणीत दिसले, की एक-दोन मासे. गाळण्याची पिशवी तीन-चार दिवसांनी धुवायची. ठोकळे नळाखाली कधीच धुवायचे नाहीत; टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळायचे. प्रत्येक चाचणीचा आकडा वहीत तारखेसह लिहायचा.

पालकांसाठी एक सूचना. समुद्री शोभेचे बहुतेक मासे खडकांमधून पकडून आणलेले असतात. क्लाउनफिश मात्र हॅचरीत तयार होतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. सुरुवात त्यानेच करावी. आणि फिल्टरला पैसे पुरत नसतील तर टाकी पुढच्या वर्षी घ्यावी. फिल्टर कमी पडला तर त्याची किंमत मासा जिवाने मोजतो.

सरावासाठी प्रश्न

१. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅम आहे. दर वेळी २० टक्के पाणी बदलले आणि नवा नायट्रेट तयार झाला नाही असे धरले, तर तो २० च्या खाली यायला किती वेळा पाणी बदलावे लागेल?

२. ५ फूट × २ फूट पृष्ठभागाच्या टाकीत पातळी दीड इंच उतरली, तर संपमध्ये किती लिटर जागा रिकामी हवी?

३. पाणी नितळ आहे, पण मासे वर येऊन धापा टाकत आहेत. पहिल्या दोन चाचण्या कोणत्या कराल? का?