मालिकेचा उत्तरखंड आणि वाचकाचा अधिकार : ‘मिलेनियम’ मालिकेतील चौथ्या कादंबरीला मिळालेला प्रतिसाद

रहस्यकादंबऱ्यांच्या मालिकेतील पुढचा खंड सहसा स्वतंत्र कलाकृती म्हणून वाचला जात नाही. आधीच्या खंडांनी वाचकाच्या मनात उभे केलेले जग हीच त्याची कसोटी असते आणि त्याच वेळी तो मागील खंडांच्या अर्थातही फेरफार करीत असतो. त्यामुळे उत्तरखंडाविषयीचे समाधान वा नाराजी केवळ वैयक्तिक आवडनिवडीच्या पातळीवर सोडून देता येत नाही. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना येथे उपयुक्त असली, तरी ती पुरेशी नाही. वाचकाला काय अपेक्षित होते, याबरोबरच त्याने संहितेत स्वतःहून काय भरले होते, हेही पाहावे लागते. स्वीडिश ‘मिलेनियम’ मालिकेच्या संदर्भात हा प्रश्न विशेष ठळक होतो.

या मालिकेचे मूळ लेखक स्टीग लार्सन यांचे नोव्हेंबर २००४ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी निधन झाले. त्यांच्या तिन्ही कादंबऱ्या मरणोत्तर, २००५ ते २००७ या काळात प्रकाशित झाल्या. वैध मृत्युपत्र नसल्याने आणि विवाह झालेला नसल्याने, दीर्घकाळच्या सहचरी एव्हा गाब्रिएल्सन यांना वारसाहक्क मिळाला नाही. तो वडील व भाऊ यांच्याकडे गेला. त्यांच्या संमतीने डेव्हिड लागरक्रान्ट्झ यांनी लिहिलेली चौथी कादंबरी ऑगस्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. लार्सन यांच्या अपूर्ण हस्तलिखिताचा आधार तिला नव्हता.

या कादंबरीवरील प्रतिक्रियांचे दोन स्तर वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला स्तर नैतिक स्वरूपाचा असून तो वाचनापूर्वीचा आहे. मृत लेखकाची पात्रे दुसऱ्याने चालवावीत काय, हा त्यातील प्रश्न. गाब्रिएल्सन यांनी या उपक्रमाला उघड विरोध केला होता. दुसरा स्तर प्रत्यक्ष वाचनातून आलेला. त्यात लिस्बेथ सालांडर आणि मिकाएल ब्लूमक्विस्त पुन्हा भेटल्याचा आनंद होता, तसा लिस्बेथ आता ‘ती’ राहिली नाही, हा आक्षेपही होता. एकाच संहितेविषयी इतके भिन्न अनुभव का यावेत, हे केवळ पहिल्या स्तराच्या आधारे सांगता येत नाही.

येथे वोल्फगांग इझर यांची ‘रिक्त जागा’ ही कल्पना साहाय्यभूत होते. संहिता जे सांगत नाही ते वाचक पूरित करतो आणि त्यातूनच अर्थनिर्मिती होते. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीतील खंडांमुळे वाचकाचा हा सहभाग वाढतो, याकडेही इझर यांनी लक्ष वेधले आहे. मालिकेत तर हे मध्यंतर कित्येक वर्षांचे असते. तथापि सर्व रिक्त जागा एकाच जातीच्या नसतात. काही कथानकाच्या असतात. लिस्बेथची जुळी बहीण कामिला लार्सन यांच्या कादंबऱ्यांत जवळजवळ अदृश्य आहे. ती कोठे आहे, हा प्रश्न वाचकासमोर उघडा राहिलेला होता. लागरक्रान्ट्झ तिला प्रतिनायिका म्हणून समोर आणतात. अशी जागा भरली जावी, ही वाचकाची रास्त मागणी असते.

दुसऱ्या रिक्त जागा व्यक्तिरेखेच्या असतात. लिस्बेथ मनोविकारतज्ज्ञांशी आणि पोलिसांशी बोलत नाही. तिचे मौन हाच तिचा प्रतिकार आहे. वाचक त्या मौनाचा अर्थ स्वतः लावतो. चौथ्या कादंबरीत तिच्या ‘वास्प’ या टोपणनावाचा उगम मार्व्हलच्या चित्रकथांत दाखविला जातो. माहिती म्हणून ते चतुर आहे. परंतु ज्या ठिकाणी वाचकाचा स्वतःचा अर्थ वसत होता, तेथे आता अधिकृत उत्तर येऊन बसते.

यावर असा प्रतिवाद संभवतो की, लार्सन यांनीही दुसऱ्या व तिसऱ्या कादंबरीत लिस्बेथचा भूतकाळ उलगडला होता. ते खरे आहे. मात्र तो उलगडा तिच्या स्वभावाचे स्पष्टीकरण म्हणून येत नाही. शासनयंत्रणेवरील आरोपपत्र म्हणून येतो. पहिल्या कादंबरीच्या स्वीडिश शीर्षकाचा अर्थ ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’ असा आहे, आणि तिच्या विभागांच्या आरंभी स्त्रियांवरील हिंसेची आकडेवारी दिलेली आहे. इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकाने हा रोख पुरुषांवरून काढून गोंदण असलेल्या मुलीवर आणला. समाजाकडून व्यक्तीकडे झालेले हे स्थलांतर चौथ्या कादंबरीत पुढे गेले, असे म्हणता येईल. घरातील हिंसा तिथेही आहे. ऑगस्ट या स्वमग्न मुलाची कथा त्याची साक्ष देते. परंतु लिस्बेथचे दैवतीकरण त्या हिंसेला झाकोळते.

मूळ लेखकाने स्वतः लिहिलेला उत्तरखंडही या कसोटीतून सुटत नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मृत्यू दिला आणि १९०३ मध्ये त्याला परत आणले. कड्यावरून पडून होम्स मेला नसेलही, पण नंतर तो पूर्वीचा राहिला नाही, अशा आशयाचे एका कॉर्निश नावाड्याचे मत डॉयल यांनीच आत्मचरित्रात नोंदविले आहे. येथे कथानकाची रिक्त जागा भरली गेली, वाचक सुखावलाही. तरी व्यक्तिरेखेविषयीची त्याची तक्रार उरली. तेव्हा लेखक बदलल्यामुळेच नाराजी उद्भवते, हा निष्कर्ष अपुरा ठरतो.

यावरून असे दिसते की, उत्तरखंडाविषयीची वाचकाची तक्रार पुष्कळदा त्याने मौनात केलेल्या निर्मितीचे रक्षण असते. वारसाहक्काचा कायदा पात्रांची मालकी ठरवू शकतो; या निर्मितीची मालकी त्याच्या कक्षेत येत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार वा काळापहाड यांसारख्या मराठी मालिकांचा अभ्यास करतानाही, ‘लोकप्रिय’ या एका शब्दाखाली वाचकाला गुंडाळून न ठेवता त्याने कोणत्या जागा भरल्या आणि कोणत्या मोकळ्या राखल्या, हे पाहणे फलदायी ठरेल.