मोर पाहा, पण लांबून

बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगाव येथे मोरांचे अभयारण्य आहे. १९९४ साली ते घोषित झाले. वनखात्याची परवानगी घेऊन, शिक्षकांबरोबर पहाटे तेथे जा आणि एका जागी स्वस्थ बसा.

प्रथम पिसारा नीट पाहा. ही मोराची शेपटी नव्हे! शेपटीच्या वरच्या बाजूची पिसे लांब वाढून पिसारा होतो. खरी शेपटी आखूड व तपकिरी असून उभारलेल्या पिसाऱ्याला ती मागून टेकू देते. पावसाळा सरताना पिसारा गळू लागतो. म्हणून प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ आणि पिसाऱ्याची स्थिती लिहा. वर्षभरात तो केव्हा गळतो व केव्हा पुन्हा वाढतो, हे तुमची वहीच सांगेल.

छायाचित्र मात्र जपून घ्या. लांडोर पावसाळ्यात झुडपाखाली जमिनीवरच अंडी घालते. तुम्ही जवळ गेलात तर ती उठून जाते आणि उघडी अंडी मुंगसाच्या किंवा कावळ्याच्या तोंडी पडतात. घरटे दिसताच कॅमेरा न उघडता मागे फिरा. चरणारी लांडोर मान ताठ करून तुमच्याकडे पाहू लागली, की आपण फार जवळ आलो असे समजावे. चांगल्या निरीक्षकाची हीच पहिली कसोटी होय.