चेतापेशींना वळण लावणारी प्रथिने आणि त्यातले करिअर

गर्भातल्या कोवळ्या पेशीने चेतापेशी व्हायचे की आणखी काही, हे बरेचसे शेजारच्या पेशींनी सोडलेल्या प्रथिनांवर ठरते. ‘सॉनिक हेजहॉग’ हे असेच एक संकेत-प्रथिन. भ्रूणाच्या पाठीतल्या नोटोकॉर्ड या दांड्यातून ते पाझरते. जवळच्या पेशींना त्याची मात्रा जास्त मिळते, लांबच्यांना कमी. त्या मात्रेनुसार कुठे स्नायू हलवणारी चेतापेशी घडते, तर कुठे चेतापेशींना एकमेकींशी जोडणारी. प्रयोगशाळेत मूलपेशींना हेच प्रथिन आणि ‘एफजीएफ-८’ दिले, तर डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी तयार करता येतात. पार्किन्सन्समध्ये याच पेशी नष्ट होत असल्याने या कामाला मोल आहे.

भ्रूणातून ही प्रथिने पुरेशी काढता येत नाहीत. म्हणून त्यांचे जनुक जिवाणूत किंवा सस्तन प्राण्याच्या पेशीत घालून ती बनवून घेतात. हीच रिकॉम्बिनंट प्रथिने. संशोधकाच्या हाती ती मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने येतात, आणि किंमत मात्र भारी असते.

प्रत्यक्ष काम चिकाटीचे असते. सॉनिक हेजहॉगचेच उदाहरण घ्या. ई. कोलाय हे जिवाणू वाढवायचे, आयपीटीजी घालून जनुक चालू करायचे आणि अनेकदा तापमान १८ अंशांपर्यंत उतरवून रात्रभर ठेवायचे. घाई केली की प्रथिन नीट घडी न पडता गोळा होऊन बसते. सकाळी पेशी ध्वनिलहरींनी फोडतात आणि द्रव निकेलच्या कॉलममधून सोडतात. मग जेलवर २० किलोडाल्टनच्या आसपास एक ठळक पट्टा दिसतो आणि नवशिक्याला वाटते, जमले! खरी परीक्षा पुढेच असते. शुद्ध प्रथिन म्हणजे कामाचे प्रथिन नव्हे. उंदराच्या विशिष्ट पेशींवर ते घालून अल्कलाइन फॉस्फेटेज वाढते का, हे पाहावे लागते. जिवाणूचे एन्डोटॉक्सिन उरले असेल तर पेशींवर भलताच परिणाम होऊन प्रयोग फसतो. शिवाय निसर्गात या प्रथिनाच्या टोकाला मेदाम्ल जोडलेले असते आणि ते काम ई. कोलायला जमत नाही. म्हणून त्या टोकाचे सिस्टीन काढून तिथे दोन आयसोल्युसीन बसवतात, त्यामुळे प्रथिनाचा प्रभाव वाढतो. अशा युक्त्यांत ज्याला गंमत वाटते, त्याने या वाटेचा जरूर विचार करावा. ज्याला रोज नवे काही हवे असते, त्याला हे काम कंटाळवाणे वाटेल.

या वाटेवर नीट परीक्षेची अट नाही, हे पालकांनी आधी लक्षात घ्यावे. जीवशास्त्र आवडते म्हणजे डॉक्टरच, हे समीकरण घराघरांत फार पक्के आहे. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांत बारावीनंतर आयएटी या प्रवेश परीक्षेतून जाता येते. गावातल्या महाविद्यालयातून सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बीएस्सी करणेही कमीपणाचे नाही. पुढे एमएस्सीसाठी जॅम आणि गॅट-बी या परीक्षा आहेत, संशोधनासाठी सीएसआयआर-नेट. पुण्याचे एनसीसीएस, मुंबईचे टीआयएफआर, बंगळुरूचे एनसीबीएस आणि मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र ही पीएचडीची नामांकित ठिकाणे. २०२३ पासून कनिष्ठ संशोधनवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. पीएचडीला पाच-सहा वर्षे सहज जातात, म्हणून घरची जबाबदारी लवकर अंगावर असलेल्याने हिशेब आधीच मांडावा.

‘एवढ्या बारीक विषयात नोकरी कोण देणार?’ हा प्रश्न रास्त आहे. फक्त संकेत-प्रथिनांवर नजर ठेवली तर जागा खरोखर थोड्या. पण प्रथिन बनवणे, शुद्ध करणे आणि तपासणे हे कौशल्य इन्सुलिन, लस किंवा जैविक औषधांच्या कारखान्यातही लागते. पुण्यातली जेनोव्हा किंवा सीरम इन्स्टिट्यूट अशा कंपन्यांत एमएस्सी झालेल्यांनाही गुणवत्ता तपासणी आणि उत्पादन विभागांत काम असते. पीएचडीनंतर संशोधन विभाग, अध्यापन, किंवा परदेशातली पोस्टडॉक. पोस्टडॉकमध्ये मात्र नोकरीची शाश्वती नसते.

निर्णयाआधी प्रयोगशाळा आतून पाहिलेली बरी. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात आणि निवड झालेल्या विद्यार्थ्यांना साधारण दोन महिने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम मिळते. एकदा कॉलम तुंबला, एकदा प्रथिन सापडलेच नाही, तरी दुसऱ्या दिवशी परत जावेसे वाटते का, हे तेवढ्या काळात कळते.