पाकिटावरील शब्द ओळखा, चुकीचा वापर टाळा

ट्रायकोडर्मा आणि ट्रायकोकार्ड ही नावे ऐकायला सारखी असली तरी त्यांतील जीव अगदी वेगळे आहेत. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, तर ट्रायकोकार्डवर ट्रायकोग्रामा या कीटकाची पिल्लावळ असते. हरभऱ्याच्या मर रोगासाठी कार्ड लावले किंवा बोंडअळीसाठी ट्रायकोडर्मा वापरला, तर पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात. म्हणून अशा शब्दांची फोड समजून घेणे हिताचे आहे.

नावांची फोड

शास्त्रीय नावे बहुधा ग्रीक व लॅटिन भाषेतील धातूंवरून तयार झालेली आहेत. त्यांतील काही नेहमीचे धातू असे :

१) ट्रायको म्हणजे केस. डर्मा म्हणजे त्वचा, तर ग्रामा म्हणजे रेघ. ट्रायकोग्रामाच्या पंखांवर बारीक केसांच्या रांगा असतात.

२) रायझा म्हणजे मूळ, बायोस म्हणजे जीवन. यावरून रायझोबियम, म्हणजे मुळात राहणारा जिवाणू. ब्रॅडी म्हणजे मंद. सोयाबीनच्या मुळांवरील ब्रॅडीरायझोबियम हा सावकाश वाढणारा आहे.

३) ॲझोट म्हणजे नत्र. ॲझोटोबॅक्टर हा हवेतील नत्र स्थिर करणारा जिवाणू होय. तो मुळांवर गाठी करीत नाही.

४) मायको म्हणजे बुरशी. मायकोरायझा म्हणजे बुरशी व मूळ यांची जोडी.

५) फायटो म्हणजे वनस्पती. फायटोफ्थोरा या नावाचा अर्थच वनस्पतींचा नाश करणारा असा आहे.

मराठी शब्दांतील खूण

मराठी शब्दाचा शेवटही बरेच सांगून जातो. 'नाशक' असेल तर ते मारणारे आहे. कोणाला मारणारे, ते त्याच्या आधीच्या शब्दावरून कळते. बुरशीनाशक चांगली व वाईट बुरशी ओळखत नाही. म्हणून ट्रायकोडर्मा लावलेल्या बियाण्यास रासायनिक बुरशीनाशक चोळू नये.

'सहजीवी' म्हणजे एकमेकांच्या फायद्याने राहणारे. रायझोबियम पिकाला नत्र देतो व पिकाकडून अन्न घेतो. मात्र हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनला चालत नाही, तेव्हा पाकिटावरील पिकाचे नाव अवश्य वाचावे.

'परोपजीवी' म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर किंवा शरीरात वाढणारा. ट्रायकोग्रामाची मादी पतंगवर्गीय किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. त्या अंड्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर पडतो. अळी बाहेर पडून गेल्यावर कार्ड लावून उपयोग नाही.

'परभक्षी' म्हणजे पकडून खाणारा. ढालकिडा आणि त्याची अळी मावा फस्त करतात. ही काळसर अळी पाहून तिला कीड समजू नये व मारू नये.

शेत हीही एक परिसंस्था

परिस्थितीविज्ञानाला इंग्रजीत इकॉलॉजी म्हणतात. हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली तयार केला. त्याचे मूळ ऑइकोस, म्हणजे घर. इकॉनॉमी हा शब्दही त्याच मुळापासून आला आहे. शेताच्या घरात कपाशी ही उत्पादक, मावा हा तिचा भक्षक, ढालकिडा हा माव्याचा भक्षक आणि पालापाचोळा कुजविणारे सूक्ष्मजीव हे विघटक. यालाच अन्नसाखळी म्हणतात.

सरसकट जहाल कीटकनाशक फवारले तर मावा व ढालकिडा दोन्ही मरतात. परंतु माव्याची वाढ फार झपाट्याने होते आणि त्याला खाणारा मात्र उरलेला नसतो. त्यामुळे कीड पुन्हा उसळते. याला किडीचा पुनरुद्रेक म्हणतात.

म्हणूनच फवारणीपूर्वी 'आर्थिक नुकसानीची पातळी' पाहावी. होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाइतके होण्यापूर्वी उपाय करण्याची ही वेळ होय. उदाहरणार्थ, कपाशीत कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ गुलाबी बोंडअळीचे पतंग आढळल्यास उपाय योजावेत. हरभऱ्यात ओळीच्या एक मीटर अंतरात १ ते २ घाटेअळ्या दिसल्यास तीच गोष्ट लागू होते.

यापुढे पाकीट फोडण्यापूर्वी तीन गोष्टी वाचाव्यात : आतील जीव कोणता, तो कोणावर काम करतो आणि कोणत्या पिकासाठी आहे. शिवाय जैविक खते व औषधे सजीव असल्याने अंतिम मुदत पाहून, सावलीत व थंड जागी ठेवावीत.