मोटार शर्यतीच्या शौकिनासाठी भेटवस्तू

सणासुदीला भेट घेण्यापूर्वी शौकिनाचा चालक आणि संघ दोन्ही विचारून घ्यावेत. लुईस हॅमिल्टन २०२५ मध्ये मर्सिडीज सोडून फेरारीकडे गेला. त्याच्या चाहत्याला आता मर्सिडीजचा टी-शर्ट चालेलच असे नाही.

खिसा हलका असेल तर छोटी गाडी घ्यावी. फॉर्म्युला वनची १:६४ प्रमाणातली प्रतिकृती साधारण साडेआठ सेंटिमीटर भरते, १:१८ ची जवळजवळ फूटभर. किंमतही त्याच हिशेबाने चढते.

टी-शर्टाबाबत आम्हा कापडवाल्यांचे मत विचाराल तर, गेल्या हंगामाचा माल घ्या. प्रायोजक बदलले की छपाई बदलते आणि भाव उतरतो. कापडात फारसा फरक नसतो. मात्र छपाई ताणून पाहावी, भेगा पडल्या तर माल ठेवून द्यावा.

शौकीन स्वतः कारच्या शर्यतीत उतरत असेल तर गोष्ट वेगळी. खरा पोशाख नोमेक्ससारख्या ज्वालारोधक धाग्याचा असतो. हुबेहूब दिसणारे पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटते. कॉलरमागे ‘एफआयए ८८५६-२०१८’ असे भरतकाम नसेल तर तो पोशाख फोटोपुरताच समजावा. पूर्ण पोशाख परवडत नसेल तर त्याच मानकाचे हातमोजे किंवा पायमोजे द्यावेत.